कोणत्या जर्सीतले बाबा

होझुफ, २९ एप्रिल २०१२

प्रिय अखिम,

नाताळच्या कार्डाशिवाय माझ्याकडून काही यायची तुला सवय नाही, म्हणून पहिल्याच ओळीत सांगते : कोणी गेलेलं नाही. मी बरी आहे. गुडघे कुरकुरतात, पण आयुष्यभर ट्रॅम चालवलेल्या बाईचे गुडघे कुरकुरणारच. अल्फोन्स गेला, मी विधवा झाले, तेव्हा तू पाठवलेलं फुलांचं चक्र वेळेवर पोचलं होतं. त्याचे आभार मानायचे राहिले होते, ते आता मानते. फुलं चांगली होती, पांढरी. शेजारणी विचारत होत्या, कोणाकडून आली म्हणून. मी म्हटलं, माझ्या भावाकडून. त्या म्हणाल्या, तुला भाऊ आहे होय? नवीन भाडेकरू आहेत त्या, त्यांना काय ठाऊक.

गल्ली होती तिथेच आहे. खिडक्यांच्या चौकटी यंदा पुन्हा लाल रंगवल्या, विटा मात्र काळ्या त्या काळ्याच. पोलाद कारखान्याच्या भट्ट्या बंद पडल्यापासून पडदे महिनाभर पांढरे राहतात आणि तरुण मुलं कामासाठी तुमच्या जर्मनीत जातात. कुठली गोष्ट बरी म्हणायची ते मला कळत नाही. चौकावरचा तो उड्डाणपूल अजून तसाच उभा आहे. तू गेलास तेव्हा त्याचे खांब नुकते उभे राहत होते, आणि आई म्हणायची की गावाच्या डोक्यावरून रस्ता नेणारे लोक गावाला पायपुसणं समजतात. बेर्नार्ड शुलिक अजून आपल्या खालीच राहतो. ब्याऐंशीचा झाला. कबुतरं पाळतो आणि जिन्यात भेटेल त्याला टोमणे मारतो. मला रोज विचारतो, "काय फ्रीदा, आज ट्रॅम लेट का?" मी निवृत्त होऊन इतकी वर्षं झाली, तरी.

आता मुद्द्याचं. गावाने यंदा एक टूम काढली आहे. इथे जन्मलेल्या नामवंतांची चित्रं जुन्या विटांच्या घरांच्या बाजूच्या भिंतींवर रंगवायची. एक भिंत, एक माणूस. बाजाराजवळच्या भिंतीवर रसायनशास्त्राचं नोबेल मिळवलेला तो शास्त्रज्ञ आला आहे. तो तरुणपणीच जर्मनीला गेला, त्यामुळे आपल्या शाळेत त्याचं नाव कोणी काढलं नाही. आज मुलं त्याच्यासमोर उभं राहून फोटो काढतात. पलीकडच्या वस्तीत सत्तावन साली मोठ्या स्टेडियमवर रशियनांना दोन गोल घालणारा आपला बुटका नायक आहे, त्याच्याबद्दल कोणाची तक्रार असायचं कारणच नाही. आणि आपल्या घराची ती मोकळी भिंत, कोळशाच्या खोलीकडची, तिच्यासाठी सांस्कृतिक केंद्राने बाबांचं नाव सुचवलं.

मला हे सांगायला मालविना नावाची मुलगी आली होती. चित्रं तीच काढते. केस एका बाजूने भादरलेले, बोटांना रंग, पण वागायला गोड. मी आपला कोवाच केला होता, खसखशीचा केक. त्याचे तीन तुकडे खाऊन झाल्यावर ती म्हणाली, "फ्रीदाबाई, तुमच्या वडिलांबद्दल मी जुन्या वर्तमानपत्रांत वाचलं. तेओफिल कुझेया, गोलकीपर. एकाच माणसाने दोन देशांकडून खेळायचं, आणि ते दोन देश एकमेकांशी लढत असताना! हे तर विलक्षण आहे." मी म्हटलं, मुली, यात विलक्षण काही नाही. बाबा जन्मले तेव्हा हे गाव जर्मन कैसरचं होतं आणि त्याचं नावही वेगळं होतं. ते दहा वर्षांचे झाले तेव्हा पोलंडचं झालं. सत्ताविसाव्या वर्षी पुन्हा जर्मन. तेहतिसाव्या वर्षी पुन्हा पोलिश. या सगळ्यात बाबांनी घर एकदाच बदललं, दुसऱ्या मजल्यावरून पहिल्यावर, कारण आजीला जिने चढवेनात. ती हसली. मग तिने सरळ विचारलं, "कोणत्या जर्सीत रंगवू?"

अखिम, मी पाऊण आयुष्य या घरात काढलं, पण हा प्रश्न मला आजवर कोणी विचारला नव्हता. दोन्ही जर्सींवर गरुडच. एकीवर पांढरा, दुसरीवर काळा, आणि त्याच्या पंजात ते नाझी चिन्ह. मी म्हटलं, क्लबच्या जर्सीत रंगव. ती म्हणाली, क्लबची जर्सी शेकडो लोकांनी घातली, भिंत मिळायला तेवढं पुरत नाही. आणि शिवाय, ती जरा चाचरत म्हणाली, वस्तीतल्या काही लोकांनी हरकत घेतली आहे. चर्चच्या सभागृहात बैठक आहे. तुम्ही यावं.

मी गेले. चांगला कोट घालून गेले. वाटेत बेर्नार्ड म्हणाला, "तू गप्प बस, मी बघतो सगळं." तेव्हाच मला धास्ती वाटायला हवी होती.

सभागृह भरलेलं होतं. हरकत घेतली होती दुनायेविच यांनी. तुला ते आठवणार नाहीत. गणिताचे मास्तर होते, आता वस्तीच्या समितीवर आहेत. जन्मले इथेच, पण त्यांचे आईवडील युद्धानंतर, रशियाकडे गेलेल्या ल्वुफहून आले, म्हणून बेर्नार्डच्या लेखी ते अजून 'परवा आलेले'. सभ्य माणूस आहे. उभे राहून ते म्हणाले, "मला कुझेया घराण्याचा अपमान करायचा नाही. पण उद्या माझा नातू या भिंतीखाली उभा राहून विचारेल, आजोबा, हा माणूस कोणाच्या बाजूचा होता? मी काय सांगू?" बेर्नार्ड बसल्या जागेवरून ओरडला, "सांगा, गोलकीपर होता! त्याला दोन्ही बाजूंनी गोल घालत होते!" लोक हसले. दुनायेविचही हसले, पण बसले नाहीत. मग पाठीमागून एक बाई म्हणाली की पांढऱ्या गरुडात रंगवा आणि विषय मिटवा. दुसरा कोणी म्हणाला, म्हणजे अर्धं खोटं रंगवायचं का? तिसरा म्हणाला, काळ्या गरुडाचं चित्र माझ्या खिडकीसमोर आलं तर मी स्वतः त्यावर चुना फासीन. आवाज वाढायला लागले. पाद्रीबाबांनी टेबलावर चमचा वाजवला.

तेवढ्यात बेर्नार्ड उठला. काठी टेकत पुढे गेला आणि म्हणाला, "आता ऐका. एक्केचाळीस साली जर्मनांनी तेओफिलला परदेशात खेळायला नेलं, तेव्हा त्याने दोन गोल खाल्ले आणि जर्मन हरले. ते दोन्ही गोल त्याने मुद्दाम सोडले होते! त्याने स्वतः माझ्या बापाला सांगितलं. असा माणूस होता तो!" मग कोणीतरी टाळ्या वाजवल्या. दुनायेविच यांनी चष्मा काढला. ते म्हणाले, "हे खरं असेल तर प्रश्नच मिटला. तर मी स्वतः त्यांना पांढऱ्या गरुडात रंगवा म्हणेन." आणि ते माझ्याकडे वळले. "फ्रीदाबाई, तुमच्या घरात हे माहीत असणार. खरं आहे का?"

सगळे माझ्याकडे बघत होते. मालविनाही. एक 'हो' म्हणायचं होतं. आणि इथे मला तुला एक गोष्ट सांगायला हवी, जी आईने तुला कधी सांगितली नाही. तू बोखुमला मावशीकडे म्हणून गेलास आणि परत आला नाहीस, त्यानंतर कधीतरी, बटाटे किसता किसता तिने मला ती सांगितली. त्या सामन्याहून बाबा घरी आले तेव्हा तू पाळण्यात होतास. बाबांनी तिच्यासाठी साबणाची वडी आणली होती, लव्हेंडरची. ती तिने हातात धरली आणि विचारलं, "झेंड्यासमोर हात वर केलास?" बाबा म्हणाले, "केला. सगळ्यांनीच केला." मग तिने विचारलं, "आणि ते दोन गोल? मुद्दाम सोडलेस ना? लोक म्हणताहेत." बाबा बराच वेळ बूट काढत बसले. मग म्हणाले, "नाही गं क्लारा. मुद्दाम कसे सोडणार? बॉल आला की हात आपोआप जातात. गेले होते. पोचले नाहीत." आई म्हणाली, "लोकांना वाटतंय तर वाटू दे." बाबा म्हणाले, "लोकांना वाटू दे. तू मात्र खोटं धरून बसू नकोस."

मी सभागृहात हेच सांगितलं. साबणासकट. उभी राहून, कोटाची बटणं लावून. बेर्नार्डचं तोंड असं झालं की मला त्याची दया आली. तो दबक्या आवाजात म्हणाला, "खुळी आहेस का? तुझाच बाप ना तो?" मी म्हटलं, माझाच, म्हणूनच. मग दुनायेविच यांना म्हटलं, "मास्तर, तुमच्या नातवाला सांगा की तो चांगला गोलकीपर होता आणि त्याला बायको होती, दोन मुलं होती, आणि जर्मनांनी विचारलं होतं, खेळतोस की पाठवू? कुठे पाठवू ते त्यांनी सांगितलं नव्हतं, ते सांगायची गरजही नव्हती. तो खेळला. वाईट खेळला असता तर मला बरं वाटलं असतं का, मला माहीत नाही."

मास्तरांनी मान खाली घातली. मला वाटलं, संपलं, भिंत गेली. मग ते म्हणाले, "माझे वडील चांभार होते. ल्वुफमध्ये त्यांनी आधी रशियन फौजेसाठी बूट शिवले, मग जर्मन फौजेसाठी, मग पुन्हा रशियनांसाठी. चांगले शिवले. वाईट शिवले असते तर मी इथे हरकत घ्यायला जन्मलोच नसतो." एवढं बोलून ते खाली बसले. चष्मा पुसत बसले. चुना फासणारा माणूस छताकडे बघत होता. पाद्रीबाबा म्हणाले, "बरं, मग पुढचा मुद्दा."

पण जर्सीचा प्रश्न होताच. मालविना म्हणाली, निदान एखादा फोटो द्या, त्यावरून ठरवू. अखिम, आपल्याकडे बाबांचा फोटो नाही हे तुला माहीत आहे, पण का नाही हे तुला नीट आठवतं का? तू लहान होतास. एकोणचाळीस साली, तुझ्या जन्माआधी, जर्मन आले त्या आठवड्यात आईने पांढऱ्या गरुडाचे सगळे फोटो स्वयंपाकघरातल्या शेगडीत घातले, वर्तमानपत्रांची कात्रणंही. मला फक्त वास आठवतो. पंचेचाळीसच्या जानेवारीत रशियन तोफांचा आवाज यायला लागला, तेव्हा तिने उरलेले घातले. त्यात एक होता, बाबा जर्सीत उभे आहेत आणि तू त्यांच्या हातात आहेस, टोपडं घालून. तो तुझा फोटो म्हणून तू रडलास. आईने तुझा भाग कापून ठेवायला कात्री घेतली, पण तुझ्या पाठीमागे तो काळा गरुड आला होता, कापता येईना. मग तिने तो पूर्णच टाकला. लग्नाचा फोटो तेवढा उरला होता. बाबांना नेलं त्या दिवशी ते लोक तोही घेऊन गेले, ओळख पटवायला म्हणून. तो परत आला नाही.

ते दुपारचे आले होते. बाबा अंगणात कबुतरांना दाणे घालत होते. दोन तरुण होते, दंडाला पोलंडची लाल-पांढरी पट्टी बांधलेले. एक म्हणाला, "जर्मनांसाठी खेळलास ना? चल, जरा चौकशी आहे." बाबांनी दाण्यांचा डबा माझ्या हातात दिला आणि म्हणाले, "उरलेले तू घाल, फार घालू नकोस, उडायची नाहीत." ते मला त्यांचं शेवटचं बोलणं. शेजारच्या गावातल्या त्या छावणीत ते होते. महिनोन् महिने आई पाव घेऊन जायची, तुला हातगाडीत ब्लँकेटमध्ये गुंडाळून आणि मला चालवत. पाव आत पोचायचा का, देव जाणे. ऑगस्टमध्ये पहारेकरी म्हणाला, "बाई, उद्यापासून आणू नका." टायफसची साथ होती. आईने तो पाव परत शालीखाली घेतला आणि वाटेत आपल्या दोघांना दिला. आपण खाल्ला. भूक होती. पुढे मी त्याच बाजूच्या मार्गावर ट्रॅम चालवली, आणि छावणीचं फाटक अजून आहे. कितीतरी वर्षं कोणी ते दाखवून 'हे काय आहे' असं विचारलं तरी आम्ही म्हणायचो, जुनं गोदाम.

तुझा राग कुठून आला हे मला माहीत आहे. युद्धानंतर पोलिश शाळेत त्या बाईंनी तुझं योआखिम खोडून 'याचेक' लिहिलं आणि माझं एल्फ्रीदा खोडून 'फ्रान्चिश्का'. फ्रान्चिश्का म्हणून हाक आली की मी उभी राहायचे. तू राहायचा नाहीस. सात वर्षांचा होतास आणि बाईंना म्हणालास, "याचेक इथे राहत नाही." छड्या खाल्ल्यास. मला वाटतं, तू बोखुमला गेलास तो एवढ्यासाठीच, की तिथे कोणी तुला अखिम म्हणून हाक मारली की तू वळून बघायला मोकळा. मला तेव्हा हे पटलं नव्हतं. आई रोज दारावरची घंटा वाजली की हातातलं काम टाकायची, आणि ते मला दिसायचं, तुला नाही. आईच्या दफनाच्या दिवशी दगडावर बाबांचंही नाव घालायचं ठरलं, खाली कोणी नसलं तरी. मी 'तेओफिल' पोलिश पद्धतीने कोरून घेतलं होतं. तू म्हणालास, बाप्तिस्म्याच्या दाखल्यात त्यात जर्मन 'एच' आहे, त्याच्याशिवाय तो माझा बाप नव्हे. मी म्हटलं, ज्यांनी त्याला तो 'एच' दिला त्यांनीच त्याला झेंड्यासमोर उभं केलं. तू म्हणालास, आणि ज्यांनी तो काढला त्यांनी त्याला मारलं. दोघांचंही खरं होतं. तू जेवण न करता गाडीत बसलास. मांसाचे रोल, बटाट्याचे गोळे, जांभळा कोबी, सगळं तुझ्या आवडीचं केलं होतं. लोक जेवले. नंतर एकवीस नाताळ कार्डांवर गेले. आज तो वाद मी उकरत नाही. दगड आहे तसा आहे.

बैठकीकडे येते. मालविनाने पुन्हा विचारलं, मग कोणत्या जर्सीत? आणि मला एकदम सुचलं, म्हणजे सुचलं असंही नाही, मी जे पाहिलं तेच सांगितलं. मी बाबांना मैदानावर कधी पाहिलंच नाही. मी त्यांना पाहिलं ते अंगणात, गालिचे झटकायच्या त्या लोखंडी चौकटीखाली. कामाची पाळी संपवून यायचे, डबा पायरीवर ठेवायचे, सदऱ्याच्या बाह्या वर, पँटला खांद्यावरून पट्टे, डोक्यावर कारखान्याची टोपी, आणि त्या चौकटीत उभे राहून गल्लीतल्या पोरांना म्हणायचे, "घाला रे गोल, बघू कोणाच्यात दम आहे." बेर्नार्ड त्या पोरांत होता. मी म्हटलं, तसे रंगवा. एक जण म्हणाला, "मग तो खेळाडू होता हे कळणार कसं? लोकांना वाटेल गालिचे झटकायला उभा आहे." बेर्नार्ड माझ्यावर रुसून बसला होता, पण त्याला राहवेना. तो म्हणाला, "हात बघून कळेल. माझे सगळे बॉल त्या हातांत गेले. एक गोल दिला नाही मेल्याने, मी आठ वर्षांचा होतो तरी." हात वर झाले, मोजायचीही गरज पडली नाही. दुनायेविच यांनी सगळ्यांत आधी केला. निघताना ते मला म्हणाले, "नातवाला काय सांगायचं ते मला अजून ठरवता आलेलं नाही. पण आता त्याला खाली उभं करीन." बेर्नार्डने घरापर्यंत माझ्याशी अबोला धरला आणि जिन्यात म्हणाला, "साबण खरंच लव्हेंडरचा होता?"

मालविनाने ईस्टरनंतर काम सुरू केलं. परांची बांधून वर चढते, रेडिओ लावते, खालून बेर्नार्ड सूचना देतो. "टोपी जरा तिरकी, पोरी! तेओफिल कधी सरळ टोपी घालायचा नाही!" ती ऐकते. चौकट झाली, विटांचं अंगण झालं, एक कबुतर बेर्नार्डच्या हट्टामुळे झालं. पट्टे, बाह्या, बूट. हात तर असे उतरले आहेत की परवा मी दूध आणून परत येताना थांबले आणि मला आत जाता येईना. टोपी आणि कॉलर यांच्यामध्ये मात्र नुसती जुनी भिंत आहे. वर्तमानपत्रात सापडलेल्या चित्रात चेहऱ्याच्या जागी चार ठिपके आहेत, त्यावरून काही होत नाही. येणारे जाणारे विचारतात. बेर्नार्ड सांगतो, "कुझेया डोकं आणायला गेलाय." मालविना म्हणाली, बाबांसारखं घरात कोणी दिसतं का? मी काही बोलायच्या आत बेर्नार्डच माझ्याकडे बोट दाखवून म्हणाला, "हिचा भाऊ. अखिम. तोच तेओफिल. तेच नाक, तसाच खालचा ओठ पुढे, रागावलेला. आता म्हातारा झाला असेल." ती म्हणाली, वयाचं काही नाही, वय मला काढून टाकता येतं, हाडं बघायला मिळाली की झालं. एक दुपार पुरे.

तर ये, म्हणून हे पत्र. बोखुमहून सकाळची गाडी थेट काटोविचला येते. तिथे मी ट्रॅमने येईन, माझा पास अजून चालतो. मागची खोली रिकामी आहे, पलंगावर नवी गादी आहे. तुला काही बोलावं लागणार नाही, मालविना म्हणते की चेहरा बघताना माणूस बोलला नाही तर उलट बरं. आणि आता एकच राहिलं. तिने मला विचारलं होतं, भावाचा तरुणपणीचा फोटो आहे का, तेहतीस-चौतीसचा असतानाचा, म्हणजे कामच होईल. अखिम, असा फोटो आहे. तू आणि मी उद्यानातल्या तळ्यावर, नावेत, तू वल्ही मारतोयस आणि सरळ कॅमेऱ्याकडे बघतोयस. तो माझ्या पलंगाशेजारच्या कपाटात आहे, तू गेल्यापासून तिथेच आहे. त्यावरून तिने भिंत कधीच पुरी केली असती. मी सगळ्या गावासमोर बाबांबद्दल खरं बोलले, आणि घरी येऊन त्या पोरीला तोंड वर करून सांगितलं की नाही, फोटो नाही, एकही नाही, त्यालाच यावं लागेल.

तुझीच,
फ्रीदा